काट्यावरच्या जुन्या पीसीसाठी एकच एक्झी: गो, रस्ट की आणखी काही?

काटेवाला_तुर्भे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तुर्भे, पावणे, रबाळे या पट्ट्यातल्या काही वजनकाट्यांना मी प्रोग्रॅम लिहून देतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरचा आकडा सिरियल पोर्टमधून पीसीत येतो. गाडी रिकामी होऊन परत आली की दुसरं वजन घ्यायचं आणि ग्रॉस, टेअर, नेट अशी काटापावती छापायची. एवढंच काम, पण ते दिवसरात्र चालतं.

आजवर हे पायथनमध्ये होतं. पायइन्स्टॉलर या टूलने एक फाईल (एक्झी, म्हणजे थेट चालणारा प्रोग्रॅम) बनवायची आणि पेनड्राइव्हवरून टाकून यायची. ती फाईल दर वेळी आधी टेम्प फोल्डरमध्ये सगळं उलगडते आणि मग चालू होते. जुन्या हार्डडिस्कवर पाऊण मिनिट जातं. मागच्या पावसाळ्यात एका काट्यावर रात्री अकराला अँटिव्हायरसने एक्झी उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली. मी कोपरखैरण्याहून पेनड्राइव्ह घेऊन पोचलो तेव्हा सर्व्हिस रोडपर्यंत ट्रक लागले होते आणि केबिनमधला मुलगा वहीत हाताने वजनं लिहीत होता. ड्रायव्हर त्याच्यावर ओरडत होते. चूक त्याची नव्हती, माझ्या फाईलची होती. त्या रात्रीनंतर ठरवलं की हे नव्याने लिहायचं.

परिस्थिती अशी: निम्म्या केबिनमध्ये विंडोज ७, त्यातही काही ३२ बिट. इंटरनेट नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे, आणि मालक काट्यावर नसतो. मला एक फाईल हवी आहे. कॉपी केली, डबल क्लिक केलं, चाललं. रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारा वेगळा आधार) नको, डीएलएल (विंडोजची वेगळी लायब्ररी फाईल) नको, इन्स्टॉलर नको.

गो, रस्ट अशा नव्या प्रोग्रॅमिंग भाषांत हे सोपं झालंय असं ऐकतो. ज्यांनी खरोखर लोकांच्या मशीनवर अशा फायली दिल्या आहेत त्यांनी अनुभव सांगावा.

पारसिक

तुमच्या कामाला गो. मी कळव्यात बसून लिनक्सवर लिहितो आणि फाईल विंडोजची काढतो. जीओओएसला (कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी) विंडोज, जीओएआरसीएचला (कोणत्या प्रोसेसरसाठी) ३८६, म्हणजे ३२ बिट, द्यायचं आणि बिल्ड करायचं, बस्स. विंडोजचं मशीन लागत नाही, वेगळा कंपायलर लागत नाही. रनटाइम, मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर, सगळं त्याच फाइलीत येतं. रिकामा प्रोग्रॅम दीड-दोन एमबीचा होतो, तुमचा सात-आठचा होईल.

दोन गोष्टी आधीच सांगतो.

पहिली, विंडोज ७ वर चालणारी गोची शेवटची आवृत्ती १.२०. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या १.२१ पासून किमान विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ लागतं. नव्या गोने बांधलेली फाईल तुमच्या त्या केबिनमध्ये उघडणारच नाही. म्हणजे जुन्या मशीनसाठी १.२० वेगळं ठेवावं लागेल.

दुसरी, सीजीओ, म्हणजे गोमधून सी भाषेतला कोड वापरण्याची सोय. तुम्ही घेतलेल्या एखाद्या पॅकेजच्या आत सी असेल तर क्रॉस-कंपाइलचं, म्हणजे एका सिस्टीमवर बसून दुसरीची फाईल काढण्याचं, सगळं सुख जातं. एसक्यूलाइट या डेटाबेसचं जे पॅकेज सर्वांत जास्त वापरलं जातं ते सी वरचं आहे. सीजीओ शून्य करून बिल्ड करून बघा, काय अडतं ते पहिल्याच दिवशी कळेल.

एचटीएमएल, लोगो, फॉन्ट हे सगळं एम्बेडने फाइलीच्या पोटात घालता येतं. १.१६ पासून ही सोय भाषेतच आहे.

वागळे_बावीस

रस्टच्या बाजूने लिहितो. आमच्या युनिटमध्ये मशीनवरच्या मोजमापांचा डेटा गोळा करणारा प्रोग्रॅम रस्टमध्ये आहे, चार वर्षं झाली, त्याने एकदाही मान टाकलेली नाही.

पण "एक फाईल" हे रस्टमध्ये आपोआप मिळत नाही. विंडोजवर एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर बेतलेल्या) टार्गेटने साधं बिल्ड केलं तर एक्झी मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमवर टेकते. माझ्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ असल्यामुळे ती डीएलएल होतीच. शॉपफ्लोअरवरच्या पीसीवर पाटी आली, व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही. दुसऱ्या पीसीवर, तो विंडोज ७ चा होता, एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशी सुरुवात असलेलं लांबलचक नाव. कारण युनिव्हर्सल सीआरटी (सी रनटाइमचाच भाग) विंडोज १० मध्ये मुळातच असतं, ७ वर ते अपडेटमधून यायचं आणि आमच्या पीसीने कधी अपडेट घेतलंच नव्हतं.

उपाय एका ओळीचा आहे. टार्गेट-फीचरमध्ये सीआरटी-स्टॅटिक चालू करा, रनटाइम आत भरला जातो. माझ्या मते विंडोजवर फाईल वाटणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करावं.

विंडोज ७ साठी रस्टमध्येही तीच अडचण. मे २०२४ च्या १.७८ पासून नेहमीच्या टार्गेटला किमान विंडोज १० लागतं. ७ साठी वेगळं टार्गेट आहे, पण ते तिसऱ्या श्रेणीतलं, म्हणजे स्वतः बांधून घ्यायचं.

येऊरची_वाट

मी जावास्क्रिप्टवाली, त्यामुळे थोडक्यात. डेनो आणि बन, ही जावास्क्रिप्ट चालवणारी साधनं, दोन्हीत कंपाइलची सोय आहे आणि एकच फाईल निघते, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीसुद्धा. पण त्या फाइलीत अख्खं जावास्क्रिप्ट इंजिन बसलेलं असतं, आकार पन्नास एमबीच्या पुढे. आणि विंडोज ७, त्यात ३२ बिट, इथे दोघंही कामाची नाहीत. ठाण्यात एका क्लिनिकला मी डेनोची फाईल दिली आहे, तिथे विंडोज ११ आहे, तिथे उत्तम चालते. काटेवालेदादा, तुमच्यासाठी नाही.

कोपरी_पूल

आकाराची काळजी असेल तर यूपीएक्स (एक्झी दाबून लहान करणारं टूल) लावा. सात एमबीची फाईल अडीचवर येते. मी नेहमी लावतो.

वागळे_बावीस

@कोपरी_पूल, या कामासाठी कृपया नको. यूपीएक्स कोड दाबून ठेवतो आणि चालू होताना मेमरीत उलगडतो. मालवेअर लिहिणारेही हेच करतात, त्यामुळे अँटिव्हायरस अशा फाइलीकडे संशयानेच बघतो. धागाकर्त्यांचा मूळ त्रासच तो आहे. पेनड्राइव्हवर पाच एमबी वाचवून रात्री अकराची फेरी ओढवून घेण्यात अर्थ नाही. गोमध्ये लिंकरला एस आणि डब्ल्यू हे दोन पर्याय दिले की डीबगची माहिती निघून जाते आणि फाईल बरीच हलकी होते.

कोपरी_पूल

पटलं. माझ्या फायली ऑफिसातल्या ऑफिसात फिरतात, म्हणून कधी जाणवलं नाही.

काटेवाला_तुर्भे

सगळ्यांचे मनापासून आभार. पारसिकदादांचं ऐकून गो १.२० घेतलं. तीन आठवडे रोज रात्री बसून लिहिलं. डेटाबेस काढून टाकला. दिवसाला दोन-अडीचशे पावत्या, त्यांना एक साधी फाईल पुरते, पावतीमागे एक ओळ.

काल पहिल्यांदा रबाळ्याच्या काट्यावर नेलं. डबल क्लिक केलं. काळी खिडकी आली आणि गेली. पुन्हा केलं, तेच. माझ्या लॅपटॉपवर तीच फाईल, तोच पेनड्राइव्ह, व्यवस्थित चालते. सीएमडी उघडून त्यातून चालवलं तेव्हा शेवटी हे मिळालं: टाइम, मिसिंग लोकेशन इन कॉल टू टाइम डॉट इन.

लोकेशन तर मी दिलंय, एशिया/कोलकाता. रात्रभर डोकं लावतोय.

पारसिक

हा खड्डा मला माहीत आहे, मीही यात पडलोय. सविस्तर सांगतो, कारण पुढच्याला उपयोग होईल.

लोडलोकेशन या गोच्या फंक्शनला तुम्ही एशिया/कोलकाता असं नाव देता. त्या नावाचे नियम कुठून तरी वाचावे लागतात. लिनक्सवर ते सिस्टीममध्ये असतात. विंडोज टाइमझोनची माहिती स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या नावांनी ठेवतं, म्हणून गो तिथे स्वतःच्या इन्स्टॉलेशन फोल्डरमधली झोनइन्फो नावाची झिप शोधतो. तुमच्या लॅपटॉपवर गो आहे, म्हणजे झिप आहे. रबाळ्यात गो नाही, म्हणजे झिप नाही. लोडलोकेशनने तिथे एरर परत दिला असणार आणि तुम्ही तो अंडरस्कोअरमध्ये टाकून, म्हणजे न बघता सोडून, पुढे गेला असणार. मग रिकामं लोकेशन टाइम डॉट इनला मिळालं आणि पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद.

उपाय: टाइम/टीझेडडेटा हे पॅकेज फक्त इम्पोर्ट करा. सगळ्या जगाचे टाइमझोन फाइलीत येतात, आकार साडेचारशे केबीच्या आसपास वाढतो. किंवा त्याहून सोपं, भारतात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, तेव्हा फिक्स्डझोन घ्या आणि १९८०० सेकंद द्या. साडेपाच तास. काटापावतीला एवढं पुरे.

आणि बिल्ड करताना ट्रिमपाथ हा पर्याय लावत जा. एरवी तुमच्या मशीनवरचे फोल्डरचे रस्ते, अगदी युजरनेमसकट, फाइलीत जातात. ट्रिमपाथ लावलं की गो कुठे इन्स्टॉल होता हेही प्रोग्रॅम विसरतो, म्हणजे ही झिपची चूक तुमच्या लॅपटॉपवरच उघडी पडली असती.

काटेवाला_तुर्भे

अंडरस्कोअरच होता. बरोबर त्या ओळीवर.

ऐरोली_नाका

लिनक्सवाल्यांसाठी याच जातीची एक गोष्ट. आमच्याकडे सर्व्हरवर फायली द्याव्या लागतात. माझ्या मशीनवर उबुंटू २२.०४, त्यात जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५. समोरचा सर्व्हर सेंटओएस ७, त्यात २.१७. फाईल नेली की पहिल्याच ओळीत सांगणार, जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही.

तीन वाटा आहेत. जुन्या सिस्टीमच्या कंटेनरमध्ये बिल्ड करणं. किंवा मसल (जीलिबसीऐवजीची छोटी सी लायब्ररी) टार्गेट घेऊन पूर्ण स्टॅटिक, म्हणजे सगळं पोटात असलेली, फाईल काढणं. रस्टमध्ये ते सोपं आहे, पण मसलचा मेमरी अ‍ॅलोकेटर अनेक थ्रेड असले की मंदावतो, तेव्हा दुसरा अ‍ॅलोकेटर जोडावा. तिसरी वाट मला सर्वांत आवडते: झिग. झिग भाषा लिहायची गरज नाही, तिच्यासोबत येणारा सी कंपायलर वापरायचा. टार्गेटच्या नावातच जीलिबसी २.१७ असं लिहिता येतं आणि फाईल बरोबर तेवढ्यावर टेकते. गोमध्ये सीजीओ टाळताच येत नसेल तेव्हाही हाच कंपायलर मधे घालता येतो. झिगची १.० अजून आलेली नाही, पण या एका कामासाठी मी डोळे मिटून वापरतो.

बेलापूर_किल्ला

मला एक प्रामाणिक आक्षेप मांडायचा आहे. मी सर्व्हरच्या सुरक्षेचं काम करतो.

२०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं भोक निघालं, तेव्हा आम्ही प्रत्येक सर्व्हरवर एक लायब्ररी बदलली, सेवा रिस्टार्ट केल्या आणि त्यावर टेकलेले सगळे प्रोग्रॅम एकदम दुरुस्त झाले. शेअर्ड लायब्ररीचा हा मोठा फायदा आहे. स्टॅटिक फाइलीत प्रत्येकाच्या पोटात आपापली प्रत असते. उद्या त्यातल्या एखाद्या पॅकेजमध्ये भोक सापडलं तर ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट काहीही करू शकत नाही. ज्याने फाईल बांधली त्यानेच पुन्हा बांधायची, आणि ती प्रत्येक केबिनपर्यंत न्यायचीही त्यानेच.

गोमध्ये निदान हिशेब ठेवता येतो. गो व्हर्जनला एम हा पर्याय देऊन तयार एक्झी दाखवली की आत कोणती पॅकेजं, कोणत्या आवृत्तीची, ही यादी मिळते. गोव्हल्नचेक तीच एक्झी तपासून ज्ञात त्रुटी सांगतो. रस्टमध्ये कार्गो ऑडिटेबल आहे. या सवयी नसतील तर स्वतंत्र फाईल देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गो १.२० ला आता सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, कारण गो फक्त शेवटच्या दोन मोठ्या आवृत्त्या सांभाळतं. विंडोज ७ ची मुदतही १४ जानेवारी २०२० ला संपली. तुमचे पीसी नेटवर नाहीत म्हणून चालवून घ्या, पण मालकांना हे एकदा समोर बसून सांगा.

पारसिक

+१. आणि त्यावरून आठवलं, काटेवाले, तुम्ही स्क्रीन कशी दाखवता? आतल्या आत छोटा वेब सर्व्हर चालवून ब्राउजर उघडत असाल तर पत्ता १२७.०.०.१, म्हणजे फक्त तोच पीसी, असाच द्या. नुसता पोर्ट दिला तर प्रोग्रॅम सगळ्या नेटवर्ककडे कान लावून बसतो आणि फायरवॉलची पाटी येते, जिला अ‍ॅडमिन लागतो. १२७ ला ती येत नाही, आणि शेजारच्या पीसीवरून कुणी आत येऊही शकत नाही.

काटेवाला_तुर्भे

हो, ब्राउजरच. त्याचं कारण मराठी आहे. पावती मराठीत हवी हा माझा हट्ट. गोमधून थेट चित्र काढून छापायला गेलो तर "क्ष" फुटत होता, "र्" चा रफार अक्षरावर चढतच नव्हता, "कि" ची वेलांटी क च्या मागे जाऊन बसत होती. अक्षरं काढणं वेगळं आणि देवनागरी जुळवणं वेगळं, हे तेव्हा कळलं.

नेरुळ_पूर्व

देवनागरीला शेपिंग लागतं. फॉन्टमधल्या नियमांनुसार जोडाक्षरं बनवणं, वेलांटी पुढे आणणं, रफार वर चढवणं, हे शेपिंग इंजिनाचं काम. सी++ मध्ये हार्फबझ आहे, रस्टमध्ये त्याचंच रूपांतर केलेलं रस्टीबझ. गोमध्येही आता गो-टेक्स्ट आहे. पण ब्राउजरमध्ये हे सगळं वर्षानुवर्षं घासून निघालंय, तुमचा निर्णय योग्य आहे.

फॉन्ट मात्र सोबत द्या. निर्मला विंडोज ८ पासून आहे, ७ वर मंगल मिळेल. दोन केबिनमध्ये पावती दोन रूपांत छापली जाऊ नये म्हणून मुक्त परवान्याचा एखादा देवनागरी फॉन्ट एम्बेड करून पानालाच जोडा. आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, तेव्हा पानात अगदी नवं काही वापरू नका.

येऊरची_वाट

फाइलीच्या डिजिटल सहीबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या क्लिनिकमध्ये फाईल डाउनलोड करून उघडली की निळी पाटी येते, विंडोजने पीसीचं रक्षण केलं म्हणून. रिसेप्शनवरच्या ताई घाबरतात. मी त्यांना "मोअर इन्फो, मग रन एनीवे" असं शिकवलं, पण ते शिकवताना मला बरं वाटलं नाही. उद्या कुणाची खरोखर वाईट फाईल आली तरी त्या तेच करतील.

बेलापूर_किल्ला

बरं वाटलं नाही हे योग्यच आहे, ताई. ती पाटी ब्राउजरमधून उतरवलेल्या फाइलीवर येते, कारण ब्राउजर तिला इंटरनेटवरून आल्याची खूण चिकटवतो. फॅट३२ पेनड्राइव्हवर ही खूण टिकत नाही, म्हणून काटेवाल्यांना ती दिसत नसेल. कायमचा मार्ग कोड साइनिंग, म्हणजे फाइलीवर डिजिटल सही. १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रात ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे एकट्या माणसाला खर्च आणि व्याप दोन्ही वाढले. तोवर निदान एवढं करा: फाइलीचा शा-२५६ आकडा (फाइलीचा ठसाच म्हणा) काढून ठेवा. समोरच्या पीसीवर तो काढणारा सर्टयूटिल असतोच, विंडोज ७ वरही. फोनवर शेवटची आठ अक्षरं जुळवून घ्या, मगच उघडायला सांगा.

काटेवाला_तुर्भे

आज महिना झाला, म्हणून लिहितो.

पाच काट्यांवर नवी फाईल चालू आहे. ७.४ एमबी, डबल क्लिक केल्यावर दोन सेकंदांत पावतीची खिडकी. एकाही ठिकाणी अँटिव्हायरसने हात लावलेला नाही.

मधे तीन गोष्टी अडल्या. पावण्याला फाईल नवीन पीसीवर टाकली आणि वजनच येईना. इंडिकेटरची वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून होती आणि कन्व्हर्टरचा ड्रायव्हर त्या पीसीवर नव्हता. ड्रायव्हर एक्झीच्या पोटात जात नाही, त्याला अ‍ॅडमिन लागतोच. मालकांना बोलावून घ्यावं लागलं. ड्रायव्हर टाकल्यावर पोर्ट मिळाला कॉम १२, आणि दोन आकडी पोर्टला विंडोजमध्ये नावाआधी खास उपसर्ग लावावा लागतो, तो मी लावला नव्हता.

दुसरं, तुर्भ्याला एका मुलाने डेस्कटॉपवर शॉर्टकट केला आणि जुन्या पावत्या दिसेनाशा झाल्या. मी डेटाची फाईल चालू फोल्डरमध्ये शोधत होतो, आणि त्याच्या शॉर्टकटमध्ये चालू फोल्डर डेस्कटॉप होता. आता एक्झी स्वतः कुठे आहे ते विचारून तिच्या शेजारीच फाईल ठेवतो.

तिसरं सांगायलाच हवं, कारण कुणालाही होईल. नव्या आवृत्तीच्या फाइलीचं नाव मी इंग्रजीत काटा-अपडेट असं ठेवलं होतं. डबल क्लिक केलं की अ‍ॅडमिन पासवर्डची पाटी. जुन्या नावाची फाईल मात्र बिनातक्रार उघडते. ३२ बिट एक्झीत मॅनिफेस्ट (प्रोग्रॅमला कोणती परवानगी लागते ते विंडोजला सांगणारी माहिती) नसेल आणि नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट असेल तर विंडोज तिला इन्स्टॉलर समजतं. नाव बदललं, आणि मॅनिफेस्टही घातला.

बेलापूरकरांचं ऐकून पाचही मालकांशी समोर बसून बोललो. दोघांनी नवे पीसी घ्यायचं कबूल केलंय, त्यांच्यासाठी आजच्या गोने ६४ बिटची वेगळी फाईल बांधतोय. आता प्रत्येक फाईल आधी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवतो, ज्यावर विंडोज ७ शिवाय काहीही नाही, आणि मगच पेनड्राइव्हवर घेतो.

ज्या मुलाने त्या रात्री वहीत वजनं लिहिली होती, त्याचा परवा फोन आला. म्हणाला, दादा, वीज गेली होती, पीसी बंद पडला, परत चालू करून मीच फाईल उघडली, अर्धी राहिलेली गाडी जिथल्या तिथे होती, पावती दिली. तुम्हाला सांगावं म्हणून केला, यायची गरज नाही.

पारसिक

हे वाचून फार बरं वाटलं. मॅनिफेस्ट कसा घातलात, कोणत्या टूलने, तेवढं लिहाल का? माझ्याकडे दोन फायली अजून बिनमॅनिफेस्टच्या आहेत.

काटेवाला_तुर्भे

उद्या रात्री पायऱ्या लिहून टाकतो. आत्ता रबाळ्याला निघालोय, नवा पीसी आलाय.